रविवारची सोबत

आई, तुमचं तेरावं होऊन दोन दिवस झाले आणि खालच्या जोशीकाकूंकडे माझ्यासाठी दळवींचा फोन आला. रविवारी कल्याणला एका पतपेढीत वायरिंगचं काम आहे, जमेल का, असं विचारत होते. मग जरा थांबून म्हणाले, "आजी नाहीत, पण माणसांना त्यांचं स्टूल मांडायची सवय झालीय हो." काकू शेजारीच उभ्या होत्या, म्हणून मी रडले नाही. येते म्हटलं, रिसीव्हर ठेवला आणि वर आले.

ते काम काल करून आले. आज मनू शाळेत गेलीय, घर रिकामं आहे, आणि मी तुमच्याशी बोलायला कागद घेऊन बसलेय. तुम्ही होता तेव्हा आपण बोलायचो ते डाळ-तांदळाचं, मनूच्या सर्दीचं. त्याच्या पलीकडे गेलो की भांडायचो. एक भांडण आपलं अर्धंच राहिलं. त्यात माझी बाजू खरी आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं. शनिवारी दुपारी एक गोष्ट कळली आणि आता कुठल्या बाजूला उभं राहायचं तेच मला कळत नाही.

तुमच्यादेखत मी यांना, तुमच्या मुलाला, कधी नावाने हाक मारली नाही. इथे मात्र प्रकाश असंच लिहिते. रागावू नका.

कोलशेतचा रंगाचा कारखाना बंद झाला तेव्हा मनू नुकती धरून उभी राहायला लागलेली. आधी सगळे कामगार गेटसमोर मांडव घालून बसायचे. प्रकाश सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे, जणू ड्युटीच. मग मांडव गेला, युनियनवाले यायचे बंद झाले, तरी हे जातच राहिले. आणि एक दिवस जायचं थांबले ते कुठेच जाईनासे झाले. कोपरच्या या दोन खोल्यांत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तुम्ही त्यांच्यापुढे ताट ठेवायचात, ताट उचलायचात. एक अक्षर बोलायचा नाहीत. मला तुमचा राग यायचा तो तिथपासूनचा. माझं बोलणं त्यांना टोचलं असतं, तुमचं त्यांनी ऐकलं असतं. तुम्ही आई होता. उठ म्हणाला असतात तर उठले असते, असं मला तेव्हा वाटायचं.

दळवी तुमच्या माहेरच्या गावचे. ऑफिसांत टेलिफोनच्या वायरी टाकायची त्यांची कंत्राटं होती. तेव्हा ठाण्यातल्या ऑफिसांत नवीन नवीन कॉम्प्युटर यायला लागलेले आणि ते एकमेकांना जोडून द्यायला माणसं मिळत नव्हती. तुमच्या शब्दाखातर ते आपल्या घरी आले, प्रकाशच्या पुढ्यात हत्यारांची पिशवी ठेवली आणि सोमवारपासून या म्हणाले. हे दोन दिवस कामाला गेले, एका अजून चालू न झालेल्या ऑफिसात. तिसऱ्या दिवशी उठले नाहीत. तुम्ही चहा घेऊन गेलात तर भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "छताच्या वर उंदरासारखं सरपटायचं. मी ऑपरेटर होतो, आई." तुम्ही चहा तिथेच ठेवलात आणि आत येऊन भांडी घासायला बसलात. भांडी घासलेलीच होती.

ती पिशवी परत करायला म्हणून मी ठाण्याला दळवींच्या गाळ्यावर गेले. दळवी टेबलावर वायरीचे तुकडे पसरून बसलेले. मी लग्नाआधी एमआयडीसीत रेडिओचे सुटे भाग जोडायच्या खात्यात होते, हाताला बारीक कामाची सवय होती. हे काय करताय म्हणून विचारलं तर त्यांनी करून दाखवलं. मधे तांब्याची एक तार, तिच्यावर पांढरं प्लॅस्टिक, त्यावर बारीक जाळी, वरून काळं साल. साल सोलायचं, जाळी मागे सारायची, मधल्या तारेला चरा न पाडता तिच्यावर पिन बसवायची आणि सगळं मिळून पकडीत दाबायचं. सगळे कॉम्प्युटर एकाच वायरीवर ओळीने असायचे. एक जोड ढिला राहिला की सगळं ऑफिस ठप्प. माझे पहिले जोड फुकट गेले. नंतरचे धरले. दळवींनी तुकड्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते, आणि घरी आले तेव्हा पिशवी माझ्याच खांद्याला होती.

तुम्ही पिशवी बघितलीत. मी उत्तरं जुळवून ठेवलेली. तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलीस काय गो?"

पुढचे काही आठवडे मी रोज ठाण्याला जात होते आणि मनू तुमच्याजवळ राहायची. तोवर काम टेबलावरचंच होतं. मग दळवींनी नौपाड्यातल्या एका ऑफिसात अख्खं काम करायला चल म्हटलं. ऑफिस चालू असताना छत उघडता येत नाही, म्हणून ही कामं रविवारी असायची. मी घरी सांगितलं, आणि तुम्ही शेंगा सोलता सोलता म्हणालात, "मी येणार."

मला आधी कळलंच नाही. मग तुम्ही म्हणालात, की रिकामं ऑफिस, तीन बाप्ये आणि तू एकटी बाई शिडीवर, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, दळवी तुमच्याच गावचे आहेत, तुम्हीच आणलेत. तर म्हणालात, गावचे आहेत म्हणूनच. मनूचं काय, असं मी विचारलं. प्रकाश आहे ना घरात, तुम्ही म्हणालात, आणि शेंगांची सालं भरून उठलात. मला इतका अपमान वाटला. कमवायला निघालेल्या सुनेवर पहारा.

नौपाड्याचं ऑफिस तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला खाली चाकं लावलेली ऑफिसची खुर्ची दिली. तुम्ही टेकलात आणि ती मागे सरकली. नऊवारीचा काष्टा सावरत तुम्ही तिला बजावलंत, "गप रव." दळवींची माणसं तोंड फिरवून हसत होती. मग तुम्ही लाकडी स्टूल मागून घेतलंत आणि भिंतीशी बसलात, मांडीवर डब्याची पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. दिवसभर तशाच. मी शिडीवरून, छताचे चौकोन बाजूला करून, वरच्या पोकळीत छातीपर्यंत शिरले होते. धूळ नाकातोंडात जात होती, पत्र्याच्या पट्ट्या कोपरांना कापत होत्या. खाली बघितलं की तुम्ही दिसायचात. माझ्याकडे नव्हतात बघत. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघत होता. मला वाटलं, कंटाळल्यात. बरं झालं, पुढच्या वेळी येणार नाहीत.

पुढच्या वेळीही आलात. त्याच्या पुढेही. आणि कधीतरी, ते कुठल्या ऑफिसात ते आता आठवत नाही, वरून वायर ओढताना ती खाली पीळ घेऊन अडकायला लागली. दळवींचा माणूस जेवायला गेलेला. मी वरून ओरडले तर तुम्हीच स्टुलावरून उठलात, वेटोळं मांडीवर घेऊन जमिनीवर बसलात आणि हाताहाताने वायर मोकळी करून वर सोडायला लागलात. "ओढ सावकाश. मी सोडतेय," म्हणालात. त्या दिवसापासून ते काम तुमचंच झालं. मी वर, तुम्ही खाली. मला तुम्ही दिसायचा नाहीत, फक्त वायर हलकी होऊन हातात यायची. थांबायचं असेल तेव्हा तुम्ही ती जराशी धरून ठेवायचात. आपलं एवढं चांगलं घरात कधी जमलं नाही.

एकदा डबा खाताना तुम्ही विचारलंत, या वायरीतून जातं तरी काय. मी म्हटलं, एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं दुसऱ्यावर दिसतं. तुम्ही टेबलांमधलं अंतर बघितलंत. म्हणालात, "एवढ्या जवळ बसतात, तर बोलत का नाहीत?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून पुन्हा घड्याळाकडे बघितलंत आणि किती वेळ लागेल अजून, असं विचारलंत. हे तुम्ही प्रत्येक रविवारी विचारायचात. मला ती कटकट वाटायची.

आता त्या भांडणाबद्दल.

संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्या मजल्यावरच होतं. मी तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर आले, तर तुम्ही जोशीकाकूंना सांगत होता की आमच्या प्रकाशने आता कॉम्प्युटरच्या वायरिंगचा धंदा धरलाय, सून मदतीला जाते. माझ्या बोटांना तेव्हा पकडीचे घट्टे पडलेले. त्याच बोटांनी मी काकूंच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्या म्हणाल्या, नशीबवान आहेस हो, नवऱ्याने लगेच दुसरं काम शोधलं. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी मोरीत उभी राहून तुम्हाला नको नको ते बोलले. प्रकाश मनूला घेऊन गच्चीत गेले होते. मी म्हटलं, वर चढते मी, खोकते मी, दळवींची माणसं मला मॅडम म्हणतात, आणि माझ्याच दारात मी मदतनीस. एकदा तरी खरं सांगा. तुम्ही ऐकून घेतलंत सगळं. मग हळू आवाजात म्हणालात, "तुझं नाव नाही झालं तर तू मरायची नाहीस, सुनंदा. त्याचं गेलं तर तो जाईल."

मला वाटलं, ही मुलाची बाजू घेणाऱ्या आईची बोलायची रीत. मी म्हटलं, मग जाऊ दे. असं म्हटलं मी. तुम्ही माझ्याकडे ज्या तऱ्हेने बघितलंत ते मला शनिवारपर्यंत समजलं नव्हतं. त्यानंतर या विषयावर आपण दर थोड्या दिवसांनी भांडत राहिलो आणि तुम्ही दर वेळी तेवढ्यावरच थांबायचात. वर्षं गेली. काळी वायर जाऊन आठ रंगीत तारांची नवी वायर आली. दळवींनी मला ठाणे-कल्याणची कामं स्वतंत्र द्यायला सुरुवात केली. प्रकाश हळूहळू उठायला लागले, दाढी करायला लागले, स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागले. इमारतीत मात्र धंदा त्यांचाच राहिला.

तुमची नजर मंदावलेली. त्या आठ तारा रंगांच्या क्रमाने लावायच्या असतात. तुम्हाला हौस होती त्या उलगडून, सरळ करून माझ्या हातात द्यायची. शेवटच्या पावसाळ्यात निळी आणि हिरवी तुम्हाला सारखीच दिसायला लागली. दोनदा चुकलात. तिसऱ्यांदा तुम्ही तारा खाली ठेवल्यात आणि म्हणालात, "हे तूच बघ आता." तुमचं म्हातारपण मला दिसलं ते तेव्हा. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पुढचं टोक सोलायला घेतलं.

झटका आला तो मंगळवार होता. उजवा भाग गेला, वाचा गेली. हॉस्पिटलात तुम्ही डाव्या हाताने माझं मनगट धरलंत आणि काहीतरी सांगायला बघत होता. तोंडातून आवाज यायचा, शब्द व्हायचा नाही. मी पाणी पाहिजे का विचारलं, मनूला आणू का विचारलं. तुम्ही मान हलवत राहिलात, नाही, नाही. डोळे प्रकाशकडे न्यायचात, परत माझ्याकडे आणायचात. मला वाटलं, त्यांना सांभाळ म्हणताय. हो म्हटलं. तुमचं समाधान झालं नाही, ते मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

शनिवारी दुपारी मी रविवारची पिशवी भरत होते. प्रकाश दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, उद्या मनूला काकूंकडे ठेवते, तुम्हाला दुकानात बोलावतील कदाचित. ते खाली बसले. म्हणाले, "आईने तुला सांगितलंच नाही, नाही का." आणि मग सांगितलं, खाली बघत, सलग.

मी दळवींकडे टेबलावर शिकत होते त्या दिवसांतली गोष्ट. एका दुपारी प्रकाश घरातून निघाले ते खाडीवर गेले. भरतीची वेळ. चपला काढून काठावर ठेवल्या. पोहता येत नाही त्यांना, ते तुम्हालाही ठाऊक होतं. किती वेळ उभे होते ते त्यांना सांगता येत नाही. मागून मनूचा आवाज आला. तुम्ही तिला कडेवर घेऊन उन्हातून चालत आलेलात. तुम्ही चपलांकडे बघितलंत. मनूला त्यांच्याकडे दिलंत आणि म्हणालात, "धर हिला. माझा हात भरून आला."

दारात आल्यावर सांगितलंत, "सुनंदा रविवारच्या कामांना जायला लागली की मी तिच्याबरोबर जाणार. पोर तुझ्याकडे. शेजारी ठेवायची नाही, एकटी टाकायची नाही. मी येईपर्यंत तिला खायला तू घालायचंस." ते म्हणाले, आई, मला जमणार नाही. तुम्ही म्हणालात, "मग ती उपाशी राहील."

प्रकाश सांगत होते की पहिल्या रविवारी मनू दुपारभर रडत होती आणि त्यांना भात करता येत नव्हता. कसाबसा केला, करपला, तिने खाल्ला. पुन्हा खाडीकडे जावंसं कधी वाटलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. वाटायचं, म्हणाले, पण तिला कुठे ठेवणार.

आई, मी उठून आत गेले. मला तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं आणि मला तुम्हाला गदागदा हलवायचं होतं. माझी मुलगी होती ती. नुकती पाऊल टाकायला लागलेली. खाडीवर उभं राहून आलेल्या माणसाच्या हातात तुम्ही ती दिलीत, दार ओढून घेतलंत आणि माझ्याबरोबर ठाण्याला आलात. मला विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीत. मी नाही म्हटलं असतं तर आज प्रकाश असते का, मला माहीत नाही. तुमचा अंदाज चुकला असता तर काय झालं असतं, त्याचा विचार करायला लागले की मी उठून मनूच्या कपड्यांच्या घड्या घालायला घेते. तुमच्यामुळे माझं कुंकू राहिलं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. मनूबद्दल तुम्हाला माफ करणं मला अजून जमलेलं नाही. दोन्ही एकाच दिवशी कळलं, त्याला मी तरी काय करू.

आणि नावाचं म्हणाल, तर ते मला हवंच होतं. आजही हवंय. तुमचं कारण कळलं म्हणून ते दुखायचं थांबलेलं नाही.

काल सकाळी पिशवी खांद्याला लावून मी दारात उभी होते. मनू कधीपासून बापाला सांगत होती की आज भातात मीठ मी घालणार. प्रकाश माझ्याकडे बघत होते. राहू दे ना तिला, असं ते म्हणाले नाहीत. मी काकूंकडे ठेवते असंही मी म्हटलं नाही. चप्पल घातली आणि जिना उतरले.

पतपेढीत लाकडी स्टूल मांडलेलं होतं. कोणी मांडलं ते मी विचारलं नाही. छताचे चौकोन काढले, वर चढले. खालून दळवींचा माणूस वायर सोडत होता, चांगला माणूस आहे, पण झटके देतो. दुपारनंतर माझं लक्ष लागेना. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी एक तार चुकीच्या जागी लावली, कापली, पुन्हा लावली. पतपेढीच्या साहेबांच्या टेबलावर फोन होता. काकूंना फोन करून वरून मनूची हाक येतेय का बघा, असं विचारावंसं वाटलं आणि काय कारण सांगणार म्हणून केला नाही. डबा उघडला आणि तसाच बंद केला. दळवींच्या माणसाला मी तीन-चारदा विचारलं असेल, अजून किती वेळ लागेल. शेवटी तो म्हणाला, "ताई, काम तर तुमच्याच हातात आहे."

परत येताना जिन्याशी मला वर जाववेना. खालच्या पायरीवर बसले. वरून मनूचा आवाज येत होता, बापाला रागावत होती, पुस्तकाला कव्हर वाकडं घातलं म्हणून. प्रकाश काहीतरी उत्तर देत होते. मी तिथेच बसून राहिले, वरचं भांडण मिटेपर्यंत.

मी एकच रविवार काढला, आई. तुम्ही इतकी वर्षं तिथे खाली बसून, मांडीवर वेटोळं घेऊन, माझ्या हाताला झटका बसू न देता वायर सोडत होता.